शेवटचे दोनशे मेगाहर्ट्झ

२०२४च्या सुरुवातीला जगभरातल्या गेम खेळणाऱ्यांना एक विचित्र संदेश दिसू लागला. गेम सुरू होता होताच बंद पडायचा आणि पडद्यावर यायचं, व्हिडिओ मेमरी संपली आहे. ज्यांना हा संदेश येत होता त्यांतल्या कित्येकांच्या ग्राफिक्स कार्डावर १६ किंवा २४ जीबी मेमरी होती. ती संपण्याचा प्रश्नच नव्हता. लोकांनी ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकून पाहिली, काहींनी चांगलं कार्ड काढून दुसरं बसवलं. संदेश हटेना. हळूहळू या तक्रारींमधला समान धागा हाती लागला. बहुतेक पीसींमध्ये इंटेलचे तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर होते, कोअर आय९-१३९००के आणि १४९००के. आणि बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचा वेग शंभर-दोनशे मेगाहर्ट्झने उतरवला की अनेक ठिकाणी तोच गेम त्याच पीसीवर बिनतक्रार चालत होता.

घडत होतं ते असं. आजचा मोठा गेम उघडताना दाबून साठवलेला भरमसाट डेटा उलगडावा लागतो, शेडर नावाचे छोटे छोटे प्रोग्रॅम तयार करावे लागतात. या कामाला प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम जुंपले जातात. त्या धामधुमीत एखाद्या कोअरचा एखादा हिशेब चुकायचा आणि उलगडलेला डेटा भलताच निघायचा. पुढच्या प्रोग्रॅमच्या हाती अशक्य आकडे पडायचे, आणि तो आपल्या परीने त्यांचा अर्थ लावून मेमरी संपल्याची तक्रार करायचा. डेटा उलगडण्याचं हे काम अनेक गेममध्ये रॅड गेम टूल्स या कंपनीची ऊडल ही प्रणाली करते. दोष प्रणालीत नाही, काही प्रोसेसर चुकीची उत्तरं देत आहेत, हे कंपनीने जाहीरपणे मांडलं आणि वेग, व्होल्टेज यांच्या सेटिंग्जकडे बोट दाखवलं.

डेस्कटॉप प्रोसेसर ट्यून करण्याबद्दल बोलायचं तर इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. मर्यादेपलीकडे ताणलेला प्रोसेसर सहसा धूर सोडत नाही. उष्णतेविरुद्ध त्याच्यात चांगलं संरक्षण असतं. फार तापला तर तो स्वतःचा वेग कमी करतो, त्याहून तापला तर पीसी बंद करून टाकतो. चुकलेल्या बेरजेविरुद्ध मात्र घरगुती पीसीत असं संरक्षण फारच थोडं असतं. २०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी आपल्या सर्व्हरमधल्या अशाच एका कोअरची हकिगत प्रसिद्ध केली. १.१ चा ५३वा घात काढून त्याचा पूर्णांक मागितला तर उत्तर १५६ यायला हवं. तो कोअर शून्य द्यायचा. ५२वा घात बरोबर, ५३वा चूक. हा आकडा फाइलच्या आकाराच्या हिशेबात वापरला जात असल्याने फाइल शून्य आकाराची ठरायची आणि पुढच्या साखळीतून गायब व्हायची. गूगलच्या अभियंत्यांनीही त्याच वर्षी लिहिलं की त्यांच्या काही हजार यंत्रांमागे असे काही मोजके कोअर निघतात. हे सगळे प्रोसेसर कंपनीने दिलेल्या सेटिंगवर चालणारे होते, कोणी हात न लावलेले. आपण जेव्हा बायोसमध्ये शिरून आकडे बदलतो तेव्हा हा धोका स्वतःच्या हाताने वाढवत किंवा घटवत असतो.

यामागचं भौतिकशास्त्र फार गुंतागुंतीचं नाही. ५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोसेसरच्या एका ठोक्याला ०.२ नॅनोसेकंद मिळतात. एवढ्या वेळात निर्वात पोकळीतला प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटिमीटर जातो. तेवढ्यातच विद्युत संकेताला ट्रान्झिस्टरांच्या लांबलचक साखळीतून पार होऊन पलीकडच्या टोकाला स्थिरावायचं असतं. पुढचा ठोका पडला तेव्हा संकेत वाटेतच असेल तर जुनाच आकडा टिपला जातो. लोकल सुटल्यावर फलाटावर पोचण्यासारखं आहे हे, अर्धा सेकंद उशीर आणि अर्धा तास उशीर यांत गाडी चुकण्यापुरता काही फरक नसतो. ट्रान्झिस्टरांनी झटपट उघडझाप करावी म्हणून व्होल्टेज वाढवायचं. आणि तिथेच दुसरा हिशेब सुरू होतो. खर्ची पडणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते.

समजा एखाद्या कोअरला ४.९ गिगाहर्ट्झसाठी १.१० व्होल्ट पुरतात आणि ५.७ साठी १.३५ लागतात. वेग १६ टक्क्यांनी वाढला. वीज मात्र पाऊणपट वाढली, म्हणजे १०० वॅटच्या जागी १७५. शिवाय तापलेल्या सिलिकॉनमधून बंद ट्रान्झिस्टरांतूनही जास्त वीज झिरपते, म्हणजे उष्णता आणखी उष्णता घेऊन येते. वरच्या टोकाला हा सौदा इतका महाग का होतो, ते या एका वर्गामुळे.

एकेकाळी व्होल्टेज दर पिढीला खाली येत होतं. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचं नाव ज्याच्याशी जोडलं जातं तो १९९३चा पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा होता आणि ५ व्होल्टवर चालायचा. पुढच्याच वर्षी आलेल्या पेंटियमने १०० मेगाहर्ट्झ गाठले ते ३.३ व्होल्टवर. ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येतं आणि चौरस मिलिमीटरमागची उष्णता तेवढीच राहते, हे आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं. तीस वर्षं या उद्योगाने त्याच जोरावर वेग वाढवला. २००५च्या सुमारास ही सोय संपली. व्होल्टेज एका व्होल्टच्या आसपास येऊन अडकलं, कारण त्याखाली गेलं की गळती हाताबाहेर जाते. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला, आणि तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या व्यासपीठावर गुडघे टेकून क्षमा मागितली.

आता मुख्य मुद्दा, मार्जिनचा. एकाच तबकडीतून कापलेले दोन प्रोसेसर कधीच अगदी सारखे नसतात. कंपनी प्रत्येकाची चाचणी घेते, वर्गवारी करते, आणि त्याला प्रत्यक्षात लागतं त्याहून थोडं जास्त व्होल्टेज लिहून देते. कारण तो कोणाच्या हाती जाईल हे तिला माहीत नसतं. बोर्ड स्वस्तातला असेल, एसएमपीएस डळमळीत असेल, खोली तापलेली असेल, पाच वर्षांनी सिलिकॉन थोडं म्हातारं झालेलं असेल. या सगळ्यासाठी मागे ठेवलेली जागा म्हणजे मार्जिन. ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे लिहून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवण्याचा, सगळा इतिहास हे मार्जिन कोणाच्या ताब्यात आहे याचा इतिहास आहे, असं माझं मत आहे.

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए काढला. किंमत १४९ डॉलर. त्याच दिवशी आलेला ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू ६६९ डॉलरचा होता. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले एक गुणक. सेलेरॉनचा गुणक ४.५ असा पक्का बांधलेला, पण बस ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झवर नेली की तो ४५० वर चालायचा, आणि बहुतेक नग खरोखरच चालायचे. अबिटच्या बीएच६ बोर्डावर हे बायोसमधूनच करता यायचं. ज्यांच्या बोर्डावर ती सोय नव्हती ते प्रोसेसरच्या बी२१ या टोकावर चिकटपट्टीचा तुकडा लावून किंवा नेलपॉलिशचा थेंब टाकून बोर्डाला चकवायचे. तिथे मार्जिन पन्नास टक्के होतं आणि ते पूर्णपणे विकत घेणाऱ्याचं होतं. २०११च्या कोअर आय७-२६००के पर्यंत ही चैन बऱ्यापैकी टिकली. कंपनीने कमाल ३.८ गिगाहर्ट्झ लिहिलेले, आणि चांगला एअर कूलर लावून ४.५ गाठणं ही नेहमीची गोष्ट.

पण तोवर दुसरं काहीतरी सुरू झालं होतं. नोव्हेंबर २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ बरोबर टर्बो बूस्ट आलं. आय७-९२० चा नेमून दिलेला वेग २.६६ गिगाहर्ट्झ, पण वाव असला तर तो स्वतःहून २.९३ वर जायचा. सुरुवातीला ही गंमत वाटावी इतकी लहान वाढ होती. पुढच्या दशकात प्रोसेसर स्वतःबद्दल खूप काही शिकला. एएमडीच्या आजच्या रायझेनमध्ये तापमान आणि वीज मोजणारे संवेदक जागोजागी पेरलेले असतात, आणि बूस्टचा निर्णय मिलिसेकंदाच्या हिशेबात सतत नव्याने घेतला जातो. सॉकेटमधून किती वॅट ओढायचे याची एक मर्यादा, सलग किती अँपिअर याची दुसरी, क्षणभरासाठी किती अँपिअर याची तिसरी, आणि तापमानाची चौथी. यांपैकी जी आधी आडवी येईल तिथपर्यंत प्रोसेसर जातो. बायोसमध्ये पीपीटी, टीडीसी, ईडीसी ही जी तीन नावं दिसतात ती यांतल्या पहिल्या तीन मर्यादांची. खोक्यावर १०५ वॅट लिहिलेल्या रायझेनची पीपीटी १४२ वॅट असते, १७० वॅटवाल्याची २३०.

म्हणजे पूर्वी जे मार्जिन आपण शोधायचो ते आता कारखान्यातूनच वापरलेलं येतं. २०१९ मध्ये याची कड दिसली. रायझेन ३००० मालिकेच्या खोक्यांवर जे बूस्टचे आकडे छापले होते ते अनेकांच्या हाती आलेल्या नगांना गाठता येईनात. सप्टेंबरमध्ये एएमडीने नवं फर्मवेअर दिलं आणि त्याने २५ ते ५० मेगाहर्ट्झ परत मिळाले. सव्वाचार-साडेचार हजार मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरात पन्नासावरून एवढा गदारोळ झाला, कारण आकडा अगदी काठावर आणून छापला होता.

इंटेल त्याहून पुढे गेली. नोव्हेंबर २०२१ चा १२९००के कमाल ५.२ गिगाहर्ट्झचा होता. मार्च २०२४ चा १४९००केएस ६.२ चा. अडीच वर्षांपेक्षा कमी काळात एक पूर्ण गिगाहर्ट्झ, आणि तोही इंटेल ७ या त्याच घडणप्रक्रियेच्या सुधारित रूपावर. सुधारणा खऱ्या होत्या, पण या वेगाचा मोठा हिस्सा व्होल्टेजमधून आला. भरीला बोर्ड बनवणाऱ्यांची आपापसातली चढाओढ. वरच्या बोर्डांमध्ये वीजमर्यादेच्या जागी ४०९६ वॅट असा आकडा भरलेला असायचा, म्हणजे मर्यादाच नाही. इंटेलच्या कागदावर ती २५३ होती. चाचण्यांच्या तक्त्यात दोन टक्क्यांनी वर दिसण्यासाठी हे चाललं होतं.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की दोष या बेफाम वीजमर्यादांचाच आहे. मग गेमचे सर्व्हर चालवणारे पुढे आले. त्यांच्याकडे डब्ल्यू६८० जातीचे, कार्यालयीन वापराचे बोर्ड होते, वीजमर्यादा जपून ठेवलेल्या होत्या, आणि तरीही प्रोसेसर महिन्यांमागून महिने बिघडत चालले होते. अल्डेरॉन गेम्स या कंपनीने जुलै २०२४ मध्ये जाहीर केलं की ती आपले सर्व्हर एएमडीवर हलवत आहे. त्याच महिन्यात इंटेलने मान्य केलं की प्रोसेसरमधल्या मायक्रोकोड या अंगभूत प्रोग्रॅमकडूनच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जात होतं. ऑगस्टमध्ये आलेल्या ०एक्स१२९ मायक्रोकोडने मागणीवर १.५५ व्होल्टची वेस घातली, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला. कोअरभर घड्याळाचा ठोका पोचवणारं मंडल जास्त व्होल्टेज आणि तापमानात लवकर म्हातारं होत होतं, हे मूळ कारण म्हणून सांगितलं गेलं. त्या वेगासाठी लागणारं किमान व्होल्टेज त्यामुळे वर सरकत जातं. काल १.३० व्होल्टवर बरोबर चालणारा कोअर आज तिथेच चुकू लागतो. कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. झिजलेला प्रोसेसर मात्र मायक्रोकोडने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

यातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती पीसी जोडणाऱ्या पुष्कळ लोकांच्या अजून ध्यानात आलेली नाही. सर्वाधिक व्होल्टेज भरपूर काम चालू असताना लागत नाही. चोवीस कोअर एकदम राबतात तेव्हा वीज आणि तापमान वरच्या टोकाला असतं, पण वेग उतरलेला असतो, आणि व्होल्टेजही. शिवाय २०० अँपिअर वाहत असताना वाटेतल्या एका मिलिओमनेसुद्धा ०.२ व्होल्ट खाऊन टाकलेले असतात. याउलट एखादाच कोअर क्षणभर ६ गिगाहर्ट्झवर उडी मारतो, ब्राउझरचं पान उघडताना किंवा फोल्डरवर टिचकी मारताना, तेव्हा व्होल्टेज १.५ च्या आसपास जाऊ शकतं. तापमान तर तेव्हा साठसुद्धा नसेल. लोक सिनेबेंच ही सगळे कोअर राबवणारी चाचणी चालवायचे, तापमान पाहायचे, ठीक आहे म्हणायचे आणि स्क्रीन बंद करायचे. झीज चालू होती ती त्या उरलेल्या निवांत तासांत.

म्हणून ट्यूनिंगची दिशा आता उलटी झाली आहे. वर ढकलायला फारसं काही उरलेलं नाही. कंपनीने खर्च केलेलं मार्जिन परत मिळवणं हे आजचं काम. माझा क्रम सांगतो. आधी वीजमर्यादा, मग व्होल्टेज, आणि वेगाला शक्यतो हात लावायचा नाही.

वीजमर्यादेचा परिणाम लगेच दिसतो. १७० वॅटच्या रायझेन ९ ७९५०एक्सला बायोसमधल्या इको मोडने १०५ वॅटच्या वर्गात बसवलं, म्हणजे पीपीटी २३० वरून १४२ वर आली, तरी रेंडरच्या वेळेत होणारी घट थोडीच असते. कारण उघड आहे, ते शेवटचे नव्वद वॅट सगळ्यांत महागड्या मेगाहर्ट्झवर खर्च होत होते. इंटेलवर हेच काम लघु आणि दीर्घ वीजमर्यादेचे आकडे स्वतः भरून होतं. बोर्डाच्या बायोसमध्ये प्रोसेसरला देण्याच्या कमाल व्होल्टेजवर वेस घालायची सोय असेल तर तेराव्या-चौदाव्या पिढीवर ती १.४ च्या आसपास लावून टाकावी असं मी म्हणेन. एका कोअरचा वेग थोडा उतरतो. रोजच्या वापरात तो जाणवत नाही.

एएमडीकडे २०२०च्या अखेरीस, रायझेन ५००० मालिकेसाठी, कर्व्ह ऑप्टिमायझर आला आणि या छंदाला नवं तोंड फुटलं. प्रत्येक कोअरचा कोणत्या वेगाला किती व्होल्टेज असा एक आलेख कारखान्यात ठरलेला असतो. तो सबंध आलेख आपण वर किंवा खाली सरकवू शकतो. एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची, आणि ५००० मालिकेत दोन्ही बाजूंना तीस पायऱ्या. खाली सरकवलं की त्याच वेगाला कमी व्होल्टेज, म्हणून कमी उष्णता, म्हणून बूस्टला जास्त वाव. व्होल्टेज उतरवलं आणि वेग वाढला, असं घडताना पहिल्यांदा पाहिलं की खरंच आनंद होतो.

मात्र इथे घाई करणारे फसतात. सगळ्या कोअरना उणे ३० लावून सिनेबेंच पूर्ण झालं म्हणजे जमलं, असं नाही. ज्या कोअरना सॉफ्टवेअर उत्तम म्हणून तारांकित करतं त्यांना सहसा सगळ्यात कमी उतरवता येतं. ते आधीच कमी व्होल्टेजवर जास्त वेग देत असतात, त्यांच्याकडे द्यायला काही शिल्लक नसतं. सामान्य कोअर उणे ३० निभावून नेतो, उत्तम कोअर उणे १० वर चुकतो. आणि चूक बहुधा भर कामात दिसत नाही. रात्रभर रेंडर सुखरूप होतं आणि सकाळी कोणी हात न लावता पडून असलेला पीसी आपणहून रिस्टार्ट होतो, कारण एकटा कोअर कमाल वेगावर उडी मारतो ती अशाच निवांत वेळी. त्यामुळे चाचणी कोअरगणिक घ्यावी लागते. कोअरसायकलर हे साधन प्राइम९५ ही चाचणी एकेका कोअरवर आळीपाळीने चालवतं. त्याला रात्रभर द्यावी. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया नावाची नोंद एकदाही दिसली तरी तो कोअर नापास समजावा, पीसी हँग झालेला नसला तरी. आणि जिथे उणे २० निभतं तिथे उणे १५ ठेवावं. त्या पाच पायऱ्या म्हणजे आपण स्वतःला दिलेलं मार्जिन.

आणखी एक फसवणूक आकड्यांची. व्होल्टेज फार उतरवलं की काही प्रोसेसर कोलमडण्याऐवजी ठोके लांबवतात. दिसताना ५.४ गिगाहर्ट्झ दिसतं, काम त्याहून कमी होतं. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये प्रत्यक्षातल्या परिणामी वेगाचा वेगळा रकाना असतो, तो पाहावा, आणि रेंडरला लागलेला वेळ घड्याळाने मोजावा. वेग वाढला आणि वेळही वाढला, तर सेटिंग चुकलं.

व्होल्टेज कमी करण्यात धोका नाही, अशी एक समजूत आहे. सिलिकॉन झिजत नाही हे खरं. पण डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्रात्स आणि लूवेनच्या संशोधकांनी प्लंडरव्होल्ट नावाचा हल्ला उघड केला. सॉफ्टवेअरमधून इंटेल प्रोसेसरचं व्होल्टेज नेमक्या क्षणी नेमकं इतकं उतरवायचं की गुणाकार चुकावा, आणि त्या चुकलेल्या उत्तरांवरून सुरक्षित कप्प्यातली सांकेतिक किल्ली शोधून काढायची. त्यानंतर अनेक लॅपटॉपवर आणि काही बोर्डांवर सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज उतरवण्याची सोय बंद झाली. चुकीच्या बेरजेची किंमत काय असू शकते याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

तापमानाबद्दल मात्र गेल्या काही वर्षांत विनाकारण घबराट पसरली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेले रायझेन ७००० प्रोसेसर भर कामात ९५ अंशांवर जाऊन थांबतात, आणि एएमडीने तेव्हाच सांगितलं होतं की रचनाच तशी आहे. त्यातला कोअरांचा तुकडा जेमतेम सत्तर चौरस मिलिमीटरचा असतो. एवढ्याशा जागेतून शंभराहून जास्त वॅट बाहेर काढायचे तर कूलर कितीही मोठा लावला तरी ती जागा तापणारच. जळण्याचे जे प्रकार एप्रिल २०२३ मध्ये ७८००एक्स३डीच्या बाबतीत गाजले त्यांचं कारण वेगळं होतं. मेमरीचं वेगवान प्रोफाइल लावताच काही बोर्ड प्रोसेसरच्या दुसऱ्याच भागाला, ज्याला एसओसी व्होल्टेज म्हणतात, गरजेपेक्षा बरंच जास्त देत होते. एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. पुन्हा व्होल्टेजच.

याच ७८००एक्स३डीचं एक ऋण मात्र मानायला हवं. कमाल ५ गिगाहर्ट्झ, १२० वॅटचा वर्ग, आणि अनेक गेममध्ये तो ६ गिगाहर्ट्झच्या १४९००केच्या पुढे होता. कोअरांवर रचलेल्या जादा कॅशमुळे, एकूण ९६ एमबी, त्याला मेमरीची वाट कमी पाहावी लागते. कॅशचा थर डोक्यावर असल्याने उष्णता अडायची. नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये तो थर कोअरांच्या खाली नेला आणि वेग ५.२ झाला. इंटेलनेही ऑक्टोबर २०२४ च्या कोअर अल्ट्रा ९ २८५केचा कमाल वेग ५.७ वर उतरवला. मेगाहर्ट्झची शर्यत दोघांनीही थोडी सैल सोडली, हे चांगलं झालं.

आपल्याकडच्या पीसींचा प्रश्न थोडा निराळा आहे, कारण परदेशी चाचण्या साधारण २०-२२ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. समजा एखादा कूलर असा आहे की दर दहा वॅटमागे प्रोसेसर खोलीपेक्षा ३ अंशांनी जास्त तापतो. २०० वॅटला ६० अंश. २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ८२ वर राहील. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात, बाहेर ४५ आणि खोलीत ४२ असताना, तोच १०२ वर जायला हवा. १०० ला इंटेलची मर्यादा, म्हणजे तो वेग तोडत तोडत चालणार. वीजमर्यादा १२५ वॅट केली की तोच प्रोसेसर त्याच खोलीत ८० च्या आत येतो. आणि कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा आणखी काही अंशांनी गरम असते हे यात धरलेलंच नाही. वाळ्याच्या कूलरच्या दमट हवेने बोर्डावर पाणी धरेल, ही भीती मात्र खोटी आहे. प्रोसेसरवर बसवलेल्या एअर कूलरने तो खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही, त्यामुळे दव धरत नाही. दमट धूळ पंख्याच्या पात्यांना आणि हीटसिंकच्या पत्र्यांना चिकटून बसते, ती दर महिन्याला झाडावी.

आणि आपल्याकडे लग्नसराई भर उन्हाळ्यात येते. गावोगावचे लग्नाचे व्हिडिओ संकलित करणारे स्टुडिओ एप्रिल-मे मध्ये रात्रंदिवस रेंडर लावतात, बहुधा एसी नसलेल्या गाळ्यात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा जवळच्या शहरातून जोडून आणलेल्या पीसीवर. जोडणाऱ्याने विंडोज टाकलेली असते, मेमरीचं प्रोफाइल चालू केलेलं असतं, वीजमर्यादेच्या पानाकडे तो सहसा गेलेला नसतो. या मंडळींसाठी दोन टक्क्यांचा वेग कुचकामाचा आहे. चार तासांचं रेंडर तीन तास पन्नास मिनिटांनी कोलमडलं, किंवा त्याहून वाईट, कोलमडलं नाही आणि मध्येच एक फ्रेम विस्कटली, आणि ती नवरीच्या घरच्या टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली, हे त्यांचं खरं नुकसान.

त्यांनी चाचणी दोनदा घ्यावी. एकदा मेच्या दुपारी, सगळे कोअर राबवून, कॅबिनेट बंद ठेवून. तापलेले ट्रान्झिस्टर वरच्या व्होल्टेजवर मंदावतात. हिवाळ्यात पास झालेला कर्व्ह तेव्हा नापास होऊ शकतो. दुसरी चाचणी डिसेंबरच्या पहाटे, निफाडसारख्या ठिकाणी तर नक्कीच, थंड पीसी सुरू करून आणि मग काहीही न करता तासभर सोडून. कमी व्होल्टेजला आजचे ट्रान्झिस्टर उलट थंडीत मंदावतात, आणि निवांत पीसी, मधल्या उड्या सोडल्या तर, आलेखाच्या त्याच खालच्या भागात वावरत असतो. दोन्ही वेळा टिकतील तेच आकडे पक्के धरावेत आणि वहीत लिहून ठेवावेत, कोअरगणिक, तारखेसह. कारण इंटेलची दुरुस्ती असो की एएमडीची, ती सहसा बायोसच्या नव्या आवृत्तीतून येते, आणि आवृत्ती बदलली की जुनी सेटिंग्ज बहुधा पुसली जाऊन बोर्डाचे स्वतःचे आकडे परत येतात.